टार्टन : अंगावरून उतरवले, राजवाड्यात टांगले!

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा होतो. आपल्या लष्कराच्या काही पलटणींचे पाइप बँड त्यात वाजत येतात. त्या वादकांच्या खांद्यावरून चौकटीचौकटीचे एक लोकरी कापड सोडलेले असते. हेच ते टार्टन. इंग्रज गेले, पण त्यांच्या स्कॉटिश पलटणींबरोबर आलेले हे कापड आपल्या वादकांच्या खांद्यावर राहून गेले. टार्टन म्हटले की स्कॉटलंड, आणि स्कॉटलंड म्हटले की चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा किल्ट नेसून पिशवीचा बाजा फुंकणारा माणूस, असे समीकरण जगभर रूढ आहे. बिस्किटाच्या डब्यावर तोच, दारूच्या बाटलीवर तोच. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला सर्वसामान्य स्कॉटिश माणूस असाच दिसत असे, अशी आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या लोकांचीही समजूत आहे.

ही समजूत खोटी आहे. ती खोटी कशी ठरते हे तपासणे फुले-आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला अगत्याचे वाटले पाहिजे, असे आमचे मत आहे. कायद्याने माणसाच्या अंगावरचे कापड ठरवावे, ही गोष्ट आम्हाला काही नवी नाही.

आधी त्या काळचा खरा स्कॉटिश माणूस पाहू. १८५१ च्या जनगणनेत स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती सुमारे ४५ लाख झाली. यातले बहुसंख्य लोक दक्षिणेच्या सखल प्रदेशात, ग्लासगो-डंडीसारख्या गिरणी-कारखान्यांच्या शहरांत आणि खाणींच्या वस्त्यांत राहत. किल्ट हा त्यांच्या बापजाद्यांचा पोशाख कधीच नव्हता. तो उत्तरेच्या डोंगराळ हायलँड भागाचा. सखल प्रदेशातला शेतगडी कॉर्डरॉयची किंवा मोलस्किन नावाच्या जाड सुती कापडाची विजार घाले. चिखल आणि धूळ वर चढू नये म्हणून गुडघ्याखाली दोरी वा पट्टा बांधी. त्याला तिकडे ‘निकी टॅम्स’ म्हणत. वर लोकरी बंडी, गळ्यात रुमाल, डोक्याला चपटी लोकरी टोपी, पायात खिळे मारलेले बूट. बाईच्या अंगावर सूत आणि लोकर मिसळून विणलेल्या भरड कापडाचा घागरा, आखूड जाकीट, एप्रन आणि डोक्यावरून घेतलेली शाल. लग्न झालेल्या म्हाताऱ्या बायका ‘मच’ नावाची पांढरी टोपी घालीत. मुले बहुधा अनवाणी. थॉमस अॅनन या छायाचित्रकाराने १८६८ ते १८७१ या काळात ग्लासगोच्या कोंदट गल्ल्यांची छायाचित्रे काढली. त्यात दोऱ्यांवर धुणी वाळत आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी शालीत गुरफटलेल्या बायका व अनवाणी मुले उभी आहेत. किल्ट शोधून सापडत नाही.

बरे, हायलँडमध्ये तरी? सेंट किल्डा हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचे अगदी टोकाचे बेट. तिथले पुरुष रोज सकाळी एकत्र जमून कामाची वाटणी करीत, त्याचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले छायाचित्र प्रसिद्ध आहे. सगळे जाकिटात आणि पॅन्टीत! घरी कातलेली लोकर, घरी विणलेले कापड. रंग कुठला, तर खडकावर वाढणारे दगडफूल खरवडून, ते उकळून काढलेला तांबूस-तपकिरी. पश्चिमेच्या बेटांवर हे कापड घट्ट करण्यासाठी शिळ्या मुतात भिजवून बायका फळीवर तासन्‌तास आपटीत आणि आपटता आपटता गाणी म्हणत. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण यावी असे ते श्रम. या बायकांची गाणी विद्वानांनी गोळा केली, पण त्यांच्या हातांना पडलेल्या भेगांची नोंद कोणी ठेवली?

याचा अर्थ टार्टन बनावट आहे असा नाही. चौकटीचे लोकरी कापड त्या भूमीत फार जुने आहे. फॉल्कर्कजवळ सापडलेला त्याचा तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात. मेंढपाळ काळ्या-पांढऱ्या चौकटीची ‘मॉड’ नावाची घोंगडी पांघरत, बायका टार्टनच्या शाली घेत. पण ते अंथरायचे-पांघरायचे कापड होते. अमुक चौकट अमुक कुळाची, हा कुलाचार त्यात नव्हता. १७४६ च्या कलोडनच्या लढाईवर डेव्हिड मोरिये या चित्रकाराने काढलेल्या चित्रात एकेका हायलँडरच्या अंगावर तीन तीन निरनिराळ्या चौकटी दिसतात. न्यायालयात पुरावा म्हणून ठेवावे असे हे चित्र आहे.

कलोडन हे नाव इथे महत्त्वाचे. १६ एप्रिल १७४६ रोजी त्या माळावर इंग्रज सरकारच्या फौजेने स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलँडरांचा पराभव केला आणि पाठोपाठ पार्लमेंटने पोशाखाचा कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधील कोणाही पुरुषाने वा मुलाने हायलँडचा पोशाख घालू नये. टार्टनचा कोट वा पांघरूण वापरू नये. एका साक्षीदाराच्या शपथेवर गुन्हा शाबीत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, तीही जामिनाशिवाय. दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षांसाठी समुद्रापारच्या वसाहतीत रवानगी. फौजदारी कायदा वाचण्यात आमची वर्षे गेली, पण अंगावरच्या पांघरुणासाठी काळ्या पाण्याची शिक्षा ही तरतूद वाचताना आम्हीही क्षणभर थांबलो. या कायद्यात एकच पळवाट होती. राजाच्या फौजेत भरती झालात तर हाच पोशाख घालायला मुभा! म्हणजे बापाचे कापड अंगावर हवे असेल तर बापाला हरवणाऱ्याच्या वतीने लढा. तसे ते लढले. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत ७४ व ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी वेलस्लीच्या हुकमावरून शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेल्या, त्या याच वाटेने इथवर पोचल्या होत्या.

कपड्याचा कायदा हा केवळ कपड्याचा नसतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. ते लिहिणाऱ्याला कापडाची चिंता नव्हती, माणूस लांबून ओळखू यावा आणि त्याने स्वतःलाही तसेच ओळखावे, ही चिंता होती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी तऱ्हा सोडा, अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या, असे बजावले. ग्रंथ जाळणे आणि लुगड्याची तऱ्हा बदलणे यांना बाबासाहेब एकाच लढ्याचा भाग मानत होते. त्यांच्या सुटाबुटावर नाक मुरडणाऱ्यांना हे अजून उमगलेले नाही.

पुन्हा स्कॉटलंडकडे वळू. पोशाखाचा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. पण पस्तीस वर्षांत एक पिढी विजारीत वाढली होती. गरिबाला स्वस्त पडेल ते कापड तो घालत होता. कायद्याने परवानगी दिली म्हणून तो परत वळला नाही. वळले ते दुसरेच! लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळांच्या नायकांना आपापल्या टार्टनचे नमुने सहीशिक्क्यानिशी पाठवायला सांगितले, तेव्हा आपली चौकट कोणती हे कित्येक नायकांना ठाऊक नव्हते. बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर पेढीने १८१९ मध्ये नमुन्यांचे पुस्तकच तयार केले. ही पेढी मूळची लष्कराला टार्टन पुरवणारी. तिच्याकडे सुरुवातीला बऱ्याच नमुन्यांना नुसते क्रमांक असत, मग गिऱ्हाईक पाहून नावे लागत गेली. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सोहळ्याची आखणी केली आणि सखल प्रदेशातल्या वकील-व्यापाऱ्यांनाही टार्टन घालून या असे सांगितले. राजाच्या स्वतःच्या हायलँडर वेषाचे बिल तेराशे पौंडांहून अधिक झाले. कलोडनला ज्यांची कत्तल झाली त्यांचा पोशाख, आणि तो घातला कोणी? ज्याने ती कत्तल करवली, त्या घराण्याच्या वारसाने!

१८४२ मध्ये ‘व्हेस्टिआरियम स्कोटिकम’ नावाचा ग्रंथ निघाला. कोणत्या कुळाचे कोणते टार्टन याचे जुने हस्तलिखित आपल्याला सापडले, असा दावा तो काढणाऱ्या दोघा भावांनी केला. ते स्वतःला स्टुअर्ट राजपुत्राचे नातू म्हणवीत. त्यांचे मूळ आडनाव अॅलन. ना हस्तलिखित खरे, ना वंशावळ! वॉल्टर स्कॉट यांनीही त्यांच्या हस्तलिखिताबद्दल आधीच संशय व्यक्त केला होता. तरीही त्यातल्या चौकटी आज ‘प्राचीन परंपरा’ म्हणून विकल्या जातात. खोट्या पोथीला जुनेपणाचा वास लावला की ती प्रमाण ठरते, हा अनुभव एकट्या भारताचा नाही, हे वाचून वाचकांना थोडे बरे वाटेल. याच साली राणी व्हिक्टोरिया प्रथम स्कॉटलंडला आली. १८४८ मध्ये तिने बाल्मोरलची जागा भाड्याने घेतली, १८५२ मध्ये ती खरेदी झाली, १८५६ पर्यंत नवा वाडा उभा राहिला. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने १८५३ मध्ये खास बाल्मोरल टार्टन तयार केले. गालिचे टार्टनचे, पडदे टार्टनचे, मुलांच्या अंगावर किल्ट. त्यातच १८५६ नंतर रासायनिक रंग आले आणि दगडफुलाच्या तपकिरी रंगाला कधी जमले नसते असे भडक लाल-हिरवे बाजारात चमकू लागले.

आता खटल्यातला मुख्य मुद्दा. वाडा बांधला जात होता तेव्हा त्या डोंगरातल्या माणसांचे काय चालले होते?

त्यांना हाकलले जात होते. कुळाची जमीन ही कुळातल्या सर्वांची, नायक हा तिचा राखणदार, अशी हायलँडरांची परंपरेने समजूत होती. कायद्याला ती मान्य नव्हती. त्याच्या लेखी कागद नायकाच्या नावावर होता. कलोडननंतर नायकांचे न्यायदानाचे अधिकार गेले आणि ते निव्वळ जमीनदार उरले. माणसांपेक्षा मेंढ्यांचा खंड जास्त येतो हे कळल्यावर त्यांनी आपल्याच आडनावाच्या लोकांची घरे पेटवून दिली. सदरलँडमध्ये १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरे जाळल्याबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालला. ज्यूरीत जमीनदारांचाच भरणा होता. सेलर निर्दोष सुटला. असल्या निकालांचे आश्चर्य वाटण्याचे आमचे वय राहिलेले नाही. व्हिक्टोरियाच्या राज्यात हे थांबले नाही. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला आणि बोटी भरभरून माणसे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आली. मार्च १८५४ मध्ये ग्रीनयार्ड्स येथे घर सोडायच्या नोटिसा घेऊन आलेल्यांना बायकांनी अडवले, तेव्हा पोलिसांनी दंडुक्यांनी त्यांची डोकी फोडली. बाल्मोरलच्या भिंती तेव्हा वर चढत होत्या.

यातला सगळ्यात बोलका माणूस ग्लेनगॅरीचा नायक अलास्टर मॅकडोनेल. अस्सल हायलँडरांची संस्था त्याने १८१५ मध्ये स्थापन केली. रेबर्नने काढलेले त्याचे टार्टनमधले रुबाबदार चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ज्या कुळांनी हे कापड पिढ्यान्‌पिढ्या विणले, त्यांना हाच गृहस्थ जमिनीवरून उठवत होता. संस्कृती जपली, माणसे घालवली!

जे उरले त्यांच्यातल्या काहींना नोकरी मिळाली, ती शिकारीच्या रानात साहेबामागे बंदुका वाहण्याची. जमीनदारांनी आपापल्या नोकरांसाठी ‘इस्टेट ट्वीड’ काढले. प्रत्येक इस्टेटीचे कापड वेगळे, गड्याच्या कोटावरून त्याचा मालक कोण ते कळावे. हॅरिस बेटाच्या मालकीणबाई लेडी डनमोर यांनी १८४६ मध्ये तिथल्या विणकरांकडून आपल्या घराण्याच्या टार्टनचे ट्वीड विणून घेतले आणि त्यातून हॅरिस ट्वीडचा धंदा वाढला. दुष्काळात त्याने काही चुली पेटल्या, हे नाकारता येणार नाही. पण विणणारीच्या अंगावर तेच जुने भरड कापड आणि डोक्यावर तीच शाल.

शालीवरून डंडी आठवते. बंगालचा ताग डंडीच्या गिरण्यांत जाई आणि तिथे कामगारांत बायकांचीच बहुसंख्या. त्यांच्यातही उतरंड! मागावर विणणाऱ्या बायका कामावर जाताना हॅट आणि हातमोजे घालीत. सूत कातणाऱ्या डोक्यावर शाल घेत. हॅटवाली शालवालीला आपल्यात घेत नसे. पगारात फरक होता, पण त्याहून जास्त तो डोक्यावर दिसत होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणखात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला होता. डंडीच्या कातणारीची मुलगी मात्र हॅट घालून मागावर उभी राहू शकत होती. तेवढा फरक ध्यानात ठेवून मगच तुलना करावी.

पेस्ली गावाचेही असेच. काश्मीरच्या शालींची नक्कल तिथल्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केली. आपण जिला कोयरी म्हणतो, तिला आज जग पेस्ली म्हणते. काश्मिरी कारागिराचे नाव पुसले गेले, आणि १८७० च्या सुमारास बायकांच्या घागऱ्याची फॅशन बदलली तेव्हा पेस्लीच्या विणकराचेही गेले. साध्या घरांत ती शाल लग्नानंतर चर्चला जाताना एकदा अंगावर यायची आणि मग पेटीत जायची.

हायलँडच्या कुळांनी पुढे लढा दिला, हे इथे नोंदवले पाहिजे. एप्रिल १८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेज येथे चराऊ कुरणाच्या हक्कासाठी लोक उठले. ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस मागवावे लागले आणि त्यांच्यावर दगड घेऊन धावणाऱ्यांत बायका पुढे होत्या. १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमला गेला, १८८६ मध्ये क्रॉफ्टर कायदा झाला. तुकडाभर जमीन कसणाऱ्या कुळाला तीवरून सहज उठवता येणार नाही, खंड रास्त असावा आणि तो आयोगाने ठरवावा, जमिनीत केलेल्या सुधारणेची भरपाई मिळावी, अशा तरतुदी त्यात होत्या. ज्याला तुकडाही नव्हता त्या भूमिहीनाला काही मिळाले नाही. आपल्या कूळ कायद्याने गावकुसाबाहेरच्यांना जे दिले, साधारण तेवढेच! या सगळ्या लढ्यात किल्ट परत द्या, अशी मागणी कोणी केली नव्हती. मागितली ती जमीन.

शेवटी एक दुवा, जो आपल्याच पुण्यातला आहे. महात्मा जोतिराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांना शिकवणाऱ्या पाद्र्यांच्या मायदेशी त्याच वर्षांत टार्टनचे ग्रंथ निघत होते आणि कुळे उठवली जात होती. पुढे १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. हा ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आर्थर, बाल्मोरलच्या टार्टनच्या गालिच्यांवर खेळत लहानाचा मोठा झालेला, आणि त्या वेळी मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती. निमंत्रित मंडळी जरीच्या पगड्या आणि हिरेमोती घालून आली होती. जोतिराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात. धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटे, पायात तुटक्या वहाणा. ही दागिन्यांनी मढलेली माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यात जाऊन पाहा, आणि इथली रयत शिक्षणावाचून कशी राहते आहे ते आपल्या आईला सांगा, असे त्यांनी राणीच्या मुलाला इंग्रजीत ऐकवले.